चलान झाले म्हणून गाडीचा विमा महागतो का?

साताऱ्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त ते दर आठवड्याला पुण्याला ये-जा करतात. खंबाटकी ते शिरवळ या पट्ट्यात कॅमेऱ्याने त्यांना वेगमर्यादा ओलांडल्याची चार चलाने लावली आहेत आणि मागच्या वर्षी समोरच्या बंपरचा एक लहान क्लेम त्यांनी घेतला आहे. यंदा पॉलिसी रिन्यू करताना प्रीमियम १३,२०० रुपयांवरून एकदम १८,२०० रुपयांवर गेला, तेव्हा ओळखीच्या एजंटाने ‘साहेब, चलाने फार झाली तुमची’ असे कारण सांगितले. न्यू जर्सीत राहणारा त्यांचा भाचाही वेगाच्या एका तिकिटामुळे आपला विमा महागल्याचे सांगतो. म्हणून त्यांनी विचारले आहे की, चलानांमुळे प्रीमियम खरोखर वाढतो का, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर तो आणखी वाढेल का, आणि आता काय करावे.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की हा प्रीमियम चलानांमुळे वाढलेला नाही, बंपरच्या क्लेममुळे वाढला आहे. आपल्याकडचा मोटार विमा प्रीमियम ठरवताना तुम्ही गाडी कशी चालवता याकडे जवळजवळ पाहत नाही. तुम्ही क्लेम घेतला की नाही, एवढेच पाहतो. गाडी चालवण्याची तुमची नोंद विमा कंपनी उघडून बसते ती अपघात झाल्यावर, म्हणजे तुम्ही पैसे मागायला गेल्यावर. सातारा-सांगली पट्ट्यात पॉलिसी देण्याचे आणि क्लेम मार्गी लावण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे लोकांचे जेवढे नुकसान होते तेवढे महागड्या प्रीमियममुळे होत नाही, असे माझे मत झाले आहे.

ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो त्या पॉलिसीत मुख्यतः दोन प्रीमियम एकत्र असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना होणाऱ्या हानीचा, जो मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी हा वार्षिक प्रीमियम १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा आहे. आपण आयुष्यात एकदाही सिग्नल मोडला नसेल किंवा दर महिन्याला मोडत असाल, तरी हा आकडा तोच राहतो, कारण तो केवळ इंजिनाच्या क्षमतेवर बेतलेला आहे. दुसरा प्रीमियम स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर खुले झाले असून प्रत्येक कंपनी ते आपापल्या हिशेबाने लावते. गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), मॉडेल, वय, इंधन आणि नोंदणीचे ठिकाण या बाबी त्यात धरल्या जातात. मूळ दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात आणि उरलेला देश ‘ब’ विभागात टाकलेला होता, त्यामुळे साताऱ्याच्या एमएच-११, कऱ्हाडच्या एमएच-५० किंवा सांगलीच्या एमएच-१० या क्रमांकाच्या मोटारीला पुण्यातल्या तशाच मोटारीपेक्षा दर किंचित कमी लागत आला आहे. या साऱ्या हिशेबात माणसाच्या वागणुकीशी संबंध असलेली ठळक गोष्ट एकच, ती म्हणजे नो क्लेम बोनस, अर्थात क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट.

भाच्याचे म्हणणे त्याच्या जागी अगदी खरे आहे. अमेरिकेत विमा प्रामुख्याने चालकाचे मोल पाहून दिला जातो. कंपनी राज्याच्या मोटार वाहन खात्याकडून चालकाची नोंद मागवते, साधारणपणे मागच्या तीन ते पाच वर्षांतील तिकिटे आणि चालकाच्या चुकीने झालेले अपघात तपासते, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची एक नोंदसुद्धा पुढची अनेक वर्षे प्रीमियम चढा ठेवते. कॅलिफोर्नियात तर १९८८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १०३’ या कायद्यानुसार दर ठरवताना चालकाच्या सुरक्षिततेच्या नोंदीला पहिले, वर्षभरात चालवलेल्या अंतराला दुसरे आणि अनुभवाच्या वर्षांना तिसरे स्थान द्यावे लागते. ब्रिटनमध्ये वेगाच्या गुन्ह्यासाठी परवान्यावर किमान तीन गुण चढतात, ते चार वर्षे नोंदीवर राहतात आणि विमा कंपनी त्याबद्दल विचारते. आपल्याकडे पॉलिसी गाडीच्या नावाने निघते. प्रस्तावाच्या अर्जात ‘मागील पाच वर्षांत किती चलाने झाली’ असा रकाना सर्वसाधारणपणे नसतोच, आणि घरातले कोण कोण गाडी चालवणार याची यादीही मागितली जात नाही. मुलाबद्दलच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आले. त्याच्या वयामुळे आपला प्रीमियम वाढणार नाही. उरलेले अर्धे पुढे सांगतो.

आता बंपरच्या क्लेमचा हिशेब मांडू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. आपल्या पॉलिसीतील रकमा सोयीसाठी पूर्णांकात घेतो. गाडी १,२०० सीसीची, ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १२,००० रुपये, आणि सलग तीन वर्षे क्लेम नसल्याने नो क्लेम बोनस ३५ टक्के होता. हा बोनस पहिल्या निर्धोक वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो. खाली येताना मात्र पायऱ्या नाहीत. वर्षात एक जरी क्लेम झाला, तो दोन हजारांचा असो वा दोन लाखांचा, तरी बोनस थेट शून्यावर येतो. क्लेम घेतला नसता तर यंदा बोनस ४५ टक्के झाला असता, ओन डॅमेजचे ६,६०० आणि थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळून १०,०१६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ११,८०० रुपये भरावे लागले असते. बोनस शून्य झाल्याने ओन डॅमेजचे पूर्ण १२,००० लागले आणि आकडा १८,२०० रुपयांच्या घरात गेला. एजंटाने चलानांवर ढकललेली वाढ ती हीच.

बदल्यात हाती काय आले तेही पाहू. बंपर ४,५०० रुपयांचा आणि रंगकाम ४,००० रुपयांचे, असे गॅरेजचे बिल ८,५०० रुपये झाले. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे २,२५० रुपये गेले. रंगकामाच्या एकूण बिलातील २५ टक्के रक्कम रंगाच्या मालाची धरून तिच्यावर ५० टक्के घसारा लावतात, म्हणजे आणखी ५०० रुपये गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायची रक्कम असते, तीही गेली. कंपनीने दिले ४,७५० रुपये. एवढ्या रकमेसाठी एकट्या यंदाच्या वर्षात आपण जीएसटीसह ६,३७२ रुपये जास्त भरत आहात, आणि गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या वर्षी जिथे ५० टक्के बोनस मिळायचा तिथे २० टक्के मिळेल, त्यापुढे २५, मग ३५, मग ४५, आणि सहाव्या वर्षी आपण पुन्हा पूर्वीच्या जागी पोहोचाल. मूळ प्रीमियम १२,००० रुपयेच राहील असे धरले तर ही तफावत ५,४००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० अशी मिळून १४,४०० रुपये होते, जीएसटीसह सुमारे १७,००० रुपये. गाडी जुनी होत जाईल तशी आयडीव्ही उतरते आणि मूळ प्रीमियमही कमी होतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा याहून थोडा कमी भरेल. तरी ४,७५० रुपयांच्या तुलनेत तो दुपटीहून जास्तच राहील. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा संरक्षण असते तर ७,५०० रुपये मिळाले असते, पण त्यानेही हे पारडे फिरत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट विचारतो की, गॅरेजवाल्याने ‘कॅशलेस करून टाकू’ म्हणण्याआधी तुम्ही आपला बोनस किती टक्के आहे ते पाहिले का? डेंटिंग-पेंटिंगवाल्याला क्लेममधून काम हवे असते, कारण त्यात तो पूर्ण दराने एस्टिमेट लावतो. तेच काम रोखीने करायचे म्हटले की बहुतेक वेळा रक्कम खाली येते. ज्याचा बोनस शून्य किंवा २० टक्के आहे त्याने लहान क्लेम घेतला तर फारसे बिघडत नाही. ज्याचा ४५-५० टक्के आहे त्याने मूळ ओन डॅमेज प्रीमियमच्या निम्म्यापेक्षा लहान क्लेमच्या वाटेला शक्यतो जाऊच नये. शिवाय एकाच वर्षात दोन-तीन क्लेम झाले, तर बोनस जाण्याखेरीज पुढच्या वर्षी कंपनी ओन डॅमेजवर देत असलेली सूटही आखडती घेते. कंपन्यांकडचे क्लेमचे तपशील इन्शुरन्स इन्फॉर्मेशन ब्युरो या संस्थेकडे जमा होतात, त्यामुळे कंपनी बदलली की जुना हिशेब पुसला जातो, हा समजही खरा नाही.

या व्यवस्थेतील सर्वांत अन्यायकारक बाब अशी की चूक कोणाची होती याला बोनसच्या हिशेबात काहीच स्थान नाही. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ऊसट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या असतात. कऱ्हाडपासून इस्लामपूर, सांगलीपर्यंत गाडी चालवणाऱ्या कोणालाही हे दृश्य सांगावे लागणार नाही. अशा ट्रॉलीच्या चुकीने आपल्या गाडीचे नुकसान झाले, तरी व्यवहारात आपण आपल्याच कंपनीकडे ओन डॅमेजचा क्लेम टाकतो आणि आपलाच बोनस गमावतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसा हा प्रकार आहे. कायद्याने समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून गाडीची भरपाई मागता येते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. दहा-पंधरा हजारांच्या नुकसानीसाठी तिथल्या तारखा परवडत नाहीत, आणि ट्रॅक्टरला विमाच नसला तर मालकाच्या मागे धावणे येते. महाबळेश्वरला माकडाने वायपर आणि आरसा मोडला तरी नियम हाच, आणि तिथे तर समोर दावा टाकायलाही कोणी नसते.

सांगलीकरांच्या बाबतीत या नियमाचा चटका अधिक बसला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत मारुती चौक, सांगलीवाडी, स्टँडचा परिसर यांसारख्या सखल भागांत पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. पूर हा ओन डॅमेजमध्ये समाविष्ट धोका आहे, त्यामुळे क्लेम देय असतो, परंतु चालक घरात झोपलेला असतानाही बोनस शून्य होतो. त्याहून मोठे नुकसान पाणी ओसरल्यावर होते. ‘सुरू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारला की इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि हे नुकसान पुराचे नसून नंतर ओढवून घेतलेले आहे असे म्हणून साध्या पॉलिसीत इंजिनाचा खर्च नाकारला जातो. पाण्यातून निघालेली गाडी चालू न करता टोइंग करून गॅरेजला न्यावी. कृष्णेच्या पूररेषेत राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्शन आणि बोनस संरक्षण ही दोन्ही जादा संरक्षणे घ्यावीत, असा माझा आग्रह असतो. बोनस संरक्षण घेतलेले असेल तर अटींनुसार वर्षात एखादा क्लेम होऊनही बोनस टिकतो. ही संरक्षणे पॉलिसी घेताना किंवा रिन्यू करतानाच घेता येतात. आयर्विन पुलाजवळ पाणी चढू लागल्याच्या बातम्या आल्यावर फोन करणाऱ्यांना मला दरवर्षी नकार द्यावा लागतो.

बोनसच्या संदर्भात एक गंभीर प्रकार इथे सर्रास चालतो. रिन्यूअलच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा स्वस्त आकडा दाखवण्यासाठी अर्जात ‘मागील वर्षी क्लेम नाही’ असे परस्पर टिकले जाते. ग्राहकाला ते ठाऊकही नसते, तो फक्त आकडा पाहतो आणि पैसे भरतो. पुढे मोठा अपघात झाला की कंपनी मागच्या कंपनीकडून खातरजमा करते आणि खोट्या घोषणेवर बोट ठेवून ओन डॅमेजचा दावा अडवते. दरपत्रकाच्या नियमांनुसार नव्या कंपनीने पॉलिसी दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून विचारायचे आणि जुनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचे, अशी तरतूद आहे, आणि कंपनीने ही चौकशी केली नव्हती हा मुद्दा ग्राहक आयोगापुढे उपयोगी पडू शकतो. तरीही घोषणा आपल्या नावाने झालेली असते, हे विसरून चालणार नाही. पॉलिसी हाती आल्यावर बोनसची ओळ वाचावी, आणि चुकीची टक्केवारी दिसली तर अपघात होण्याआधी कंपनीला कळवून फरकाची रक्कम भरावी व दुरुस्तीचे एंडोर्समेंट घ्यावे.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी मोटार विकून नवी घ्यायची असेल तर विक्रीनंतर कंपनीकडून बोनस राखीव ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते आणि नव्या मोटारीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंतची सूट उभी करते. पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले की बोनस जातो. याची उलट बाजू जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी. विकणाऱ्याचा बोनस त्याला मिळत नाही, खरेदीनंतर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो, आणि तसे केले नाही तर थर्ड पार्टीचे संरक्षण पुढे चालते पण स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. आरसी बुक नावावर होण्याची वाट पाहत महिनोन्महिने जुन्या मालकाच्या पॉलिसीवर गाडी चालवणारे मला नेहमी भेटतात. भाचा कधी कायमचा साताऱ्याला परतला, तर त्याला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. परदेशात कमावलेला नो क्लेम बोनस, तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली आणि पुरावा दिला, तर ग्राह्य धरण्याची तरतूद दरपत्रकाच्या नियमांत आहे. ती माहीत असलेले एजंट थोडे आहेत, म्हणून कागद बरोबर आणावेत आणि कंपनीच्या कार्यालयातच विचारावे.

आता चलानांकडे वळू. ती प्रीमियम वाढवत नाहीत, याचा अर्थ ती विम्याच्या दृष्टीने निरुपद्रवी आहेत असा मात्र नाही. वेगमर्यादा वारंवार ओलांडणे, सिग्नल तोडणे, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणे आणि मद्यपान करून गाडी चालवणे या कारणांसाठी परवाना निलंबित होऊ शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने अशा गुन्ह्यांसाठी किमान तीन महिन्यांच्या निलंबनाचे निर्देश राज्यांना दिलेले आहेत. निलंबनाच्या काळात तुम्ही गाडी चालवली आणि अपघात झाला, तर तुमच्याकडे वैध व परिणामकारक परवाना नव्हता असे ठरते. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर परवान्याचा क्रमांक परवान्यांच्या सरकारी ‘सारथी’ प्रणालीवर तपासू शकतो, तिथे निलंबनाची नोंद दिसते, आणि ओन डॅमेजचा दावा तिथेच संपतो. एखादी जीवितहानी झालेली असेल तर गोष्ट फार पुढे जाते. स्वरण सिंग खटल्यातील २००४ च्या निकालापासून चालत आलेल्या भूमिकेनुसार न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला पीडित कुटुंबाला आधी भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ही रक्कम लाखांत असते, आणि ती वसूल करायला कंपनी आपल्या दारात येते. चार चलानांचे खरे मोल दंडाच्या पावतीत नाही, या शक्यतेत आहे.

परवान्याची मुदत संपणे हेही त्यातलेच. पूर्वी मुदत संपल्यावरही परवाना ३० दिवस परिणामकारक मानला जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत नूतनीकरण करता येते, परंतु मधल्या काळात झालेल्या अपघाताला ते मागे जाऊन झाकत नाही. मद्यपानाच्या बाबतीत तर पॉलिसीतच स्पष्ट अपवाद लिहिलेला आहे. रक्तातील अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असणे हा कलम १८५ खालील गुन्हा आहे, पण श्वासचाचणी झालीच नव्हती म्हणून क्लेम सुटतो असे समजू नये. परिस्थितीवरून चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे सिद्ध होत असेल तर कंपनी दावा नाकारू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. निव्वळ वेग जास्त होता एवढ्या कारणावरून मात्र सहसा ओन डॅमेजचा दावा नाकारला जात नाही, कारण चालकाचा निष्काळजीपणा हाच तर विम्याने उचललेला धोका असतो. नेहमी पाहण्यात येणारे आणखी एक कारण म्हणजे खासगी नंबराची गाडी लग्नसराईत भाड्याने लावणे. त्यात पॉलिसीच्या वापराच्या अटीचा भंग होतो, मग चालक कितीही निर्दोष असो.

मुलाच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर इथेच येते. त्याच्याकडे पक्का परवाना असेल तर त्याने चालवलेली गाडी आपल्याच पॉलिसीखाली संरक्षित आहे आणि प्रीमियम तोच राहतो. शिकाऊ परवान्यावर असेल तर शेजारच्या सीटवर परवानाधारक माणूस आणि गाडीला ‘एल’ पाटी हवीच. त्याशिवाय एकट्याने साताऱ्याहून कासला फेरी मारून येणे म्हणजे विम्याविना जाणे. धाकटे भावंड अठराच्या आतले असेल आणि त्याने गाडी घेतली, तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. विम्याचा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो. एक बारकावा असा की मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आपल्या नावाचा आहे, मुलाच्या नाही. तो नियमित गाडी चालवणार असेल तर त्याच्यासाठी आणि सहप्रवाशांसाठी वेगळे वैयक्तिक अपघात संरक्षण घ्यावे. त्याला फार खर्च येत नाही.

चलानांची गणना प्रीमियममध्ये करावी, असा विचार आपल्याकडे झालाच नाही असे नाही. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगाचा स्वतंत्र प्रीमियम सुचवला होता. प्रत्येक गुन्ह्याला गुण ठरवलेले होते, मद्यपानाला सर्वाधिक १०० आणि चुकीच्या जागी गाडी लावण्याला १०, आणि त्यांच्या बेरजेवरून मोटारीसाठी ३०० ते १,५०० रुपयांपर्यंत जादा आकारणी सुचवलेली होती. आपल्या एजंटाने बहुधा त्या बातमीचा धागा धरला असावा. ती शिफारसच राहिली. आपल्या पॉलिसीत अशी कोणतीही ओळ नाही. माझे वैयक्तिक मत विचाराल तर ही कल्पना आजच्या पद्धतीपेक्षा न्याय्य आहे, कारण पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकाला दंड आणि घाटात वळणावर ओव्हरटेक करणाऱ्याला ५० टक्के सूट, हे कोणत्याही तर्काने पटणारे नाही. मात्र आधी चलाने अचूक लागली पाहिजेत. दुसऱ्याच गाडीचा नंबर वाचून लागलेले चलान रद्द करून घ्यायला किती हेलपाटे पडतात, हे अनेकांना ठाऊक आहे.

चालवण्याच्या पद्धतीचा प्रीमियमशी संबंध जोडणारा एक मार्ग मात्र आज उपलब्ध आहे. जुलै २०२२ मध्ये नियामकाने जितके चालवाल तितका आणि जसे चालवाल तसा प्रीमियम, अशा दोन्ही प्रकारच्या जादा संरक्षणांना परवानगी दिली. पहिल्यात वर्षभराचे किलोमीटर आधी ठरवायचे असतात. विटा किंवा वाईसारख्या गावी राहणाऱ्या, बाजार आणि लग्नकार्यापुरती गाडी काढणाऱ्या निवृत्त माणसाला ते उपयोगी आहे. आठवड्याला पुणे करणाऱ्याला नाही, कारण ठरवलेले अंतर संपल्यावर टॉपअप केले नाही तर ओन डॅमेजचे संरक्षण अटींनुसार आकसते. दुसऱ्यात मोबाइल ॲप किंवा गाडीतले उपकरण अचानक ब्रेक, जोरात वेग घेणे, चालवताना फोन हाताळणे अशा गोष्टी नोंदवते आणि त्यावरून सूट ठरते. सगळ्या कंपन्या ते देत नाहीत. आपली चार चलाने पाहता मी आपल्याला ते तूर्त सुचवणार नाही.

आपण यंदा करावे ते इतकेच. बोनस शून्य आहे हे मान्य करून दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवावेत, पण प्रत्येक अर्जात मागच्या वर्षीचा क्लेम स्पष्ट लिहावा. स्वैच्छिक वजावट वाढवून प्रीमियम कमी करता येतो. जुन्या दरपत्रकात ५,००० रुपयांच्या वजावटीला ओन डॅमेजवर २५ टक्के सूट होती, परंतु तिला १,५०० रुपयांची मर्यादा होती, आणि आजही कंपनीनुसार थोड्याफार फरकाने तसेच आकडे दिसतात. लहान क्लेम घ्यायचेच नाहीत असे ठरले असेल तर ती वजावट घेण्यात काही गमावण्यासारखे नाही. चारही चलाने राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर पाहून, त्यातले एखादे आपल्या गाडीचे नसेल तर तिथेच तक्रार नोंदवून, उरलेली भरून टाकावीत, कारण पुढे गाडी विकताना थकीत चलान आरटीओतील हस्तांतर अडवते. परवान्याची स्थिती ‘सारथी’वर एकदा तपासावी. एजंटाला मात्र चलानांमुळे प्रीमियम वाढल्याचे लेखी द्यायला सांगावे. तो देणार नाही, आणि पुढच्या वर्षी आपल्या अर्जातला क्लेमचा रकाना कोण भरतो याकडे आपले लक्ष आहे हे त्याला कळेल. पुढे कधी दावा चुकीच्या कारणाने नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात विनाशुल्क अर्ज करता येतो, आणि सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच कार्यालयाच्या कक्षेत येतात.